रुल्फीनबाईंचा दुरुस्त साचा

...आणि वर मलाच म्हणतात, वडील, तुमच्या हातांना देवानं गुण दिलाय. हातांना! तुम्हाला सांगतो, ते हात मी तेव्हा कोटाच्या खिशात लपवून उभा होतो, आणि तोंडानं काय केलं? काही नाही. मान हलवली. नम्रपणे, डोळे अर्धे मिटून, स्तोत्र म्हणताना हलवतो अगदी तशी.

मी इथल्या चर्चच्या मंडळीचा वडील. वयानं तर आहेच, पण पदानंही. म्हणजे देवळात पहिल्या बाकावर मी बसायचं, पाळकबाई आजारी पडल्या की उपासना मी चालवायची, आणि कोणाच्या घरात भावाभावांचं वाजलं की टोपी हातात घेऊन दारात मीच उभं राहायचं. अशा माणसानं... पण थांबा, क्रमानं सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मी काहीतरी मोठं पाप केलं. पाप लहानच होतं हो. लाज मोठी आहे.

दुरुस्तीचा शनिवार ही कल्पना माझी. पालिकेच्या एक बाई गावात आल्या, त्यांनी फळ्यावर मोठं वर्तुळ काढलं आणि म्हणाल्या, वस्तू मोडली की दुरुस्त करायची, होईना तर तिचे भाग काढून दुसरीला लावायचे, तेही झिजले तर धातू वितळवायचा, पण टाकायचं म्हणून काही नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कारण हेच तर मी जन्मभर प्रार्थनेत म्हणत आलो, की देवा, तू गळलेल्या पानाचंसुद्धा खत करतोस आणि आम्ही मात्र कुरकुर करणारी खुर्ची कचऱ्यात देतो. तिथल्या तिथं उठलो आणि देवळामागचं सभागृह दर शनिवारी उघडं ठेवायचं कबूल करून बसलो.

आणि चाललं हो ते! दिवे आले, सायकली आल्या, चेन तुटलेले कोट आले. माझ्या शेजारच्या टेबलावर टोनिस, तो धूळ ओढायची यंत्रं बघायचा. आठवडाभर ज्यांच्याशी कोणी बोलत नव्हतं अशा म्हाताऱ्या साबूत इस्त्री घेऊन यायच्या, जरा गरम होत नाही म्हणायच्या, कॉफी प्यायच्या, सोबत आमच्या रीतीप्रमाणे एकच बिस्कीट, मग डब्याचं झाकण बंद, आणि खुशीत घरी. मग मला चढलं. एका रविवारी मी उपदेशात सांगूनच टाकलं, की दुरुस्त होणारी वस्तू टाकून जो नवी आणतो, तो देवाचं काम अर्ध्यावर सोडून उठतो. निम्मी मंडळी माना खाली घालून बसली. मला बरं वाटलं. सांगायला लाज वाटते, पण वाटलं.

आणि डिसेंबरात रुल्फीनबाई साचा घेऊन आल्या.

आमच्या ड्रेंथ प्रांतात वर्षअखेरीला पातळ गोड चकत्या भाजतात. जुनं वर्ष उलगडून झालं म्हणून ती चकती सपाट. नवं अजून कोणी पाहिलं नाही म्हणून पहिल्या तारखेपासून तीच गुंडाळलेली, आत साय भरून. आणि गावात त्या खायच्या तर रुल्फीनबाईंच्याच. विजेचा साचा, सासूबाईंचा म्हणायच्या, चकतीवर गव्हाची ओंबी उमटायची. तो साचा तापेना. त्यांचा नवरा हार्म वसंतात गेला, आणि हा पहिला हिवाळा. त्यांनी साचा माझ्यापुढे ठेवला आणि फक्त एवढंच म्हणाल्या, "वडील, यंदा याच्याशिवाय मला जमायचं नाही."

आणि मी मान हलवली.

आता साचा उघडला, तर आत स्क्रू नाही. एक नाही! सगळं ठोकून, चिकटवून बंद केलेलं, जणू कोणी परत उघडायला जाऊच नये. कसाबसा उचकटला, तर उष्णता राखणारा नखाएवढा भाग जळलेला. कंपनीला फोन केला. तिकडून मधाळ आवाज, "आजोबा, तो भाग सुटा बनवतच नाही आम्ही. अख्खा नवाच घ्या ना, दुरुस्तीला पाठवायच्या टपालखर्चात येईल." म्हणजे बघा, वर्तुळ फळ्यावर किती सुबक दिसतं, आणि नखाएवढ्या तुकड्यापाशी येऊन तुटतं. अहो, तेव्हा शनिवारी उठून एवढंच म्हणायचं होतं, की बाई, नाही जमलं. उपदेश कोणी केला होता? मी. मग कोणत्या तोंडानं म्हणणार?

आसेन शहरात गेलो. दुकानात तसाच साचा, तीच पिवळट रंगाची झाकणं, तीच मूठ. घेतला. घरी आणून शेडमध्ये दार लावून बसलो आणि... कसं सांगू... त्याला जुना केला. काचकागदानं घासला, मुठीला काजळी चोळली, झाकणावर तेलाचे डाग पाडले. सगळं जग जुन्याचं नवं करायला धडपडतंय, आणि देवळाचा वडील नव्या वस्तूला म्हातारपण आणतोय! मध्येच सवयीनं स्तोत्र गुणगुणायला लागलो आणि जीभ चावली.

रुल्फीनबाईंनी साचा हातात घेतला, झाकण उघडून आत पाहिलं, बंद केलं. म्हणाल्या, हलका वाटतो. मी म्हटलं, आतली काजळी काढली. खोटं कसं ओघानं येतं पाहा. त्या म्हणाल्या, आभार. आणि मी मान हलवली.

वर्षाच्या शेवटच्या दुपारी उपासना झाली, सभागृहात कॉफी, आणि रुल्फीनबाईंनी डबा उघडला. मी चकती उचलली... ओंबी नाही. बदाम! पत्त्यांतले असतात तसे बदाम, चकतीभर, लहान-मोठे, एकात एक. बाहेरून सगळं जुळवून आणलं होतं, आतला नक्षीचा भाग मी पाहिलाच नव्हता. तुम्हीच सांगा, काय करायचं अशा वेळी? मी खायला लागलो. पुरावा नष्ट करायला दुसरा मार्ग कुठला? दोन्ही हातांनी खातोय, तोंडात मावेना, आणि टोनिस सगळ्यांदेखत विचारतो, "वडील, सकाळपासून उपाशी का?" विधवेच्या चकतीवर बदाम आणि विधुर वडील त्या अधाशासारख्या खातोय, म्हटल्यावर मागच्या रांगेत काय कुजबुज झाली ते मी सांगणार नाही. तेवढ्यात पाळकबाई कप वाजवून बोलायला उभ्या राहिल्या, की ज्यांनी मेलेला साचा उठवला त्या हातांना देवानं गुण दिलाय...

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. मान.

प्रार्थनेला बसावं तर शब्द सुचेनात. मग दोन दिवसांनी जुना साचा बटाट्याच्या पोत्यात घातला आणि रुल्फीनबाईंच्या घरी गेलो. त्यांनी कॉफी ओतली, बिस्कीट दिलं, डबा बंद केला. मी पोतं टेबलावर ठेवलं. आम्ही एका शाळेतले. चारचौघांत त्या मला वडील म्हणतात, स्वयंपाकघरात नाही.

"लामर्ट, झाकण उघडलं तेव्हाच कळलं मला," त्या म्हणाल्या.

"मग बोलली का नाहीस?"

"हार्मलाही बोलले नव्हते."

म्हणजे काय, तर हा ओंबीचा साचा सासूबाईंचा नव्हताच! सासूबाईंच्या चकतीवर पवनचक्की उमटायची. तो बिघडला तेव्हा हार्म त्याला घेऊन शेडमध्ये शिरला, आठवड्यानं बाहेर आला, कपाळ पुसलं आणि म्हणाला, झाला बघ. इतका खूश होता बिचारा, की रुल्फीनबाईंनी पवनचक्की मुकाट्यानं गिळली आणि जन्मभर ओंबी भाजली. म्हणूनच तर यंदा तो साचा हवा होता, हार्मची आठवण म्हणून, सासूबाईंची नव्हे. मला वाटलं, चला, हार्मच्या पंक्तीला बसलो, लाज अर्धी झाली. तर कप उचलता उचलता त्या शांतपणे म्हणाल्या,

"फक्त एक. हार्मनं कधी उपदेश नाही केला."

त्या शनिवारी कॉफीच्या आधी मी सभागृहात उभा राहिलो. जुना साचा सर्वांसमोर ठेवला आणि सांगितलं, की मला दुरुस्ती जमली नाही, आणि जमली नाही हे सांगणंही जमलं नाही. आणि त्या रविवारी ज्यांनी माझ्यामुळे माना खाली घातल्या त्यांनी आता वर कराव्यात, खाली घालायची पाळी माझी. कपांत फिरणारे चमचे थांबले. मी पद सोडायची तयारी ठेवली होती. पण पाळकबाई हळूच म्हणाल्या, साचा राहू द्या, त्याची तार आणि मूठ कोणाच्या तरी कामी येईल. रुल्फीनबाईंनी स्वतः मूठ काढून दिली. मला वाटलं, पदरी लाज आली, पण सत्याची स्थापना तरी झाली. आता गावात कोणी माझ्यासारखं करणार नाही. डोळे भरून आले, खाली बसलो.

तर शेजारून टोनिस वाकला. टेबलाखालून आपलं कॉफीचं यंत्र माझ्याकडे सरकवलं, इकडे तिकडे पाहिलं, आणि कानाशी येऊन म्हणाला, "वडील, बायकोचं आहे. हे तुमच्या पद्धतीनं दुरुस्त करून द्या ना... फक्त लाल रंगात मिळतंय का बघा."