आतून लावायची कडी

— नाही, ती नका घेऊ, ती न्हाणीघराच्या दाराची. तुम्हाला पोरं बाहेर ठेवायचीत, स्वतःला आत कोंडून घ्यायचं नाही — तसं बघितलं तर दोन्ही एकच, पण माल वेगळा. आणि कानात काय आहे ते? मिटिंग? आत्ता, इथं, माझ्या दुकानात? असू दे, काढू नका. बोलूही नका, तिकडं ऐकू जाईल. दारातच उभे राहा, आत रेंज येत नाही. तुम्ही नुसती मान हलवा, मी समजून घेतो. एवढंच करा, हलवलेली मान मला होती की साहेबाला, ते बोटानं दाखवत जा — नाहीतर मी इकडं डझनभर कड्या बांधून ठेवीन आणि तिकडं साहेब तुमच्यावर खूश व्हायचा.

रोज एक तरी येतो तुमच्यासारखा. पूर्वी लोक कडी न्यायला यायचे ते चोराच्या भीतीनं, आता येतात पोटच्या पोरांच्या भीतीनं. चोर परवडला हो. चोर रात्री एकदा येतो, काय न्यायचं ते नेतो, दाराशी उभा राहून 'बाबा, शी झाली' असं ओरडत नाही. परवा एक गृहस्थ आले, मोठे कुठले तरी अधिकारी, म्हणाले, कडी अशी द्या की बाहेरून आवाजही येता कामा नये. म्हटलं, साहेब, तुम्हाला कडी नको, तुम्हाला तिजोरी हवी. रागावून गेले. दुपारी परत आले, कडी घेऊन गेले. येतात सगळे परत. घरातून काम म्हणे. कामही होत नाही आणि घरही राहत नाही. दोन म्हशींवर एकदम बसायला गेलेला माणूस बघितलाय कधी? मीही नाही बघितला, पण आमचे जावईबापू बघितलेत.

थोडे डावीकडे सरका — हां. रस्ता दिसला पाहिजे मला. काही नाही, एक टेंपो जायचाय.

तर जावईबापू. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात, तसा आमचा ग्रह इथून दोन गल्ल्या सोडून राहतो. लेक इस्पितळात औषधांच्या खिडकीवर, तिची पाळी सकाळी उजाडायच्या आत सुरू. मग घरी कोण? हे. एक पोरगी चार वर्षांची, तिला मी भिंगरी म्हणतो, आणि एक मुलगा दीड-दोन वर्षांचा, तो गोळा. आणि यांचं काम काय, तर ठोकलेल्या गाड्यांचे फोटो बघायचे. हसू नका, खरं सांगतोय. विम्याची कंपनी. कुणाची गाडी कुठं आपटली की तिचे फोटो यांच्याकडे, हे घरात बसून सांगणार की दार बदलायचं का ठोकून सरळ करायचं. हाताला तेल लागायचं नाही, पत्र्याला बोट लागायचं नाही. मी एकदा सकाळी गेलो तर हे खुर्चीवर, मांडीवर गोळा झोपलेला, त्याची लाळ कंपनीच्या त्या बटणांवर, आणि खाली भिंगरी पाठ करून बसलेली. वर तोंडानं विम्याची भाषा — आपलं म्हणणं आम्ही विचारात घेतलंय, वगैरे — आणि खाली हातानं वेणी. तीही तिपेडी, चांगली चापूनचोपून. म्हटलं, वा रे मर्दा. बाईला लाजवील अशी वेणी घालतो आणि महिन्याला पगार घेतो पत्र्याचा.

आमच्या वेळी असलं नव्हतं. बाप म्हणजे काय? संध्याकाळी जिन्यावर वाजणारे जोडे. जोडे वाजले की पोरं चिडीचूप, हात-पाय धुऊन, पुस्तक उघडून. मी कधी हात उगारला नाही, गरजच पडली नाही. एक गंमत सांगतो. आमची लेक असेल तीन-चार वर्षांची, सुट्टीचा दिवस होता, मी दुपारी घरी जेवायला बसलो, तर ही आईच्या पदराआडून विचारते, 'आई, हे दुकानवाले काका आज आपल्याकडे का जेवतायत?' हा हा. आम्ही किती हसलो. अजून सांगतो मी सगळ्यांना. म्हणजे हिची आई तेव्हा नव्हती हसली, पण ती तशी कमीच हसायची.

ही बघा, ही चांगली. पितळी आहे, गंजायची नाही. दाराच्या वरच्या अंगाला लावा, पोराचा हात पुरेल तिथं आतून कडी कधी लावू नये — एका रंगाऱ्याच्या पोरानं खालची कडी आतून लावून घेतली, उघडता येईना, बाप बाहेरून रडतो, पोरगं आतून गाणं म्हणतंय. शेवटी दार फोडलं, नवं दार माझ्याकडूनच गेलं. तर वर लावा. आणि बसवताना एक बघा. दांडी वर सारली की चौकटीतल्या भोकात किती शिरते ते. निदान अर्धं बोट शिरली पाहिजे. नखाएवढी शिरली तर लागल्यासारखी दिसते, टक असा आवाजही येतो, पण बाहेरून कुणी ढकललं, अगदी लहान पोरानं दोन्ही हातांनी ढकललं, तरी सुटते. डोळ्यांना कळत नाही. आमच्या जावयांकडे तेच झालं ना. दार लागलंय म्हणून हे निवांत, आणि धाडकन भिंगरी आत. सारखं. कोणी बसवली म्हणजे? मीच बसवली. म्हणजे — चौकट जुनी होती. अहो, चाळीस वर्षं कड्या बसवतोय मी, मला काय — असो.

तुम्ही असे बघू नका. तिकडं लक्ष द्या, साहेब बोलत असेल.

हे बघा, ऐका. माणसानं काही विचार केलेला असतो. मला मुलगा नाही, ही एकच लेक. हे दुकान मी टपरीपासून केलं. शाळा पाचवीत सुटली, गिऱ्हाइकानं शिकवलं ते शिकलो. कुठला खिळा कुठल्या लाकडाला, कुठलं गिऱ्हाईक उधारीचं, सगळं इथं, डोक्यात. हे द्यायचं कोणाला? जावयांना तीनदा म्हटलं, बसा इथं. पोरांनाही आणा, मागं जागा आहे, खेळतील. जावईबापू हसतात. नाही म्हणत नाहीत हो. तोंडावर नाही म्हणणाऱ्याला वळवता येतं, हसणारा माणूस फार चिवट. मग मी काय म्हणत होतो, त्यांना एक खोली कामाची. दार बंद केलं की भिंगरी बाहेर जमिनीवर पालथी पडून फटीतून बोलायची. फटीतून एकेक आत सरकवायची, कागद, पान, पावाचा तुकडा. आणि हे आतून सरकवायचे परत. मिटिंग चालू, आणि हे खाली वाकून पावाचा तुकडा परत सरकवतायत, वर चावा घेऊन. शेवटी लेकच म्हणाली, बाबा, एक चांगली कडी लावून द्या, यांची नोकरी जाईल. म्हटलं, देतो की.

दिली. आता कोणी म्हणेल, सासऱ्यानं मुद्दाम — पण मी म्हणतो, यात मुद्दाम काय? दार उघडायचं ते उघडणारच होतं. मी फक्त ते लवकर उघडलं. दोन महिन्यांत कंटाळतील, नोकरी सोडतील, येतील इकडं. हिशोब सरळ होता. धंदा असाच करतात, गिऱ्हाइकाला ढकलायचं नाही, त्याच्या मागची खुर्ची तेवढी काढून घ्यायची.

आणि झालंही तसंच बघा. एक दिवस यांची मोठी मिटिंग, वरचे दोघं-तिघं, आणि ज्याची गाडी ठोकली तो माणूसही समोर. कंपनीचं म्हणणं, दार ठोकून सरळ होईल. यांनी तेच सांगायचं होतं. एवढ्यात भिंगरी दार ढकलून आत, खुर्चीवर चढली, पडद्यावरचा फोटो बघितला आणि म्हणते, 'हे दार गेलं. बदलावं लागेल.' रोज ऐकते ना ती. तो गाडीवाला उभाच राहिला म्हणे टाळ्या वाजवत, बघा, चार वर्षांच्या पोरीला कळतं. वरच्यांनी यांना विचारलं, तुमचं काय मत? आता इथं माणसानं गप्प बसावं की नाही? पोर आहे म्हणावं, सोडून द्यावं. तर हे म्हणाले, तिचं बरोबर आहे.

झालं. आठवड्यात हुकूम. मोठ्या कचेरीत येऊन बसा, नाहीतर दुसरं बघा. मोठी कचेरी कुठं, तर परगावी, इथून आगगाडीनं अख्खी रात्र. मी तर मनातल्या मनात उड्या मारल्या. म्हटलं, परगावी कुठं जातायत दोन पोरं घेऊन, आता दुसरं म्हणजे हेच की, माझं दुकान. ही नवी खुर्ची बघताय ना, गादीची? त्यांच्यासाठी आणून ठेवली. मी आयुष्यभर स्टुलावर बसलो, पण म्हटलं, शिकलेला माणूस आहे, पाठ दुखायची.

आले ते. इथंच, तुम्ही उभे आहात तिथं उभे राहिले. खुर्चीवर बसा म्हटलं तर बसले नाहीत. म्हणाले, 'मामा, आम्ही जायचं ठरवलंय. तिकडं हिलाही काम मिळतंय, आणि कचेरीला लागूनच मुलांना ठेवायची सोय आहे, दुपारी जाऊन भेटता येतं.' मी म्हटलं, आणि दुकान? हे हसले. मग म्हणाले, 'ती कडी पहिल्या दिवसापासून लागत नव्हती, माहीत आहे ना तुम्हाला?'

आता हा माणूस दिवसभर फोटो बघून सांगतो की पत्रा आपोआप वाकला की कुणी वाकवला. म्हटलं, कळलं होतं तर सांगितलं का नाहीत? पाना-पेचकसाचं काम होतं, पाच मिनिटांचं.

म्हणाले, 'माझ्याकडे पेचकस आहे, मामा. पण ती ढकलून आत आली की तिला वाटायचं, आपण जिंकलो. मला ते बघायचं असायचं.'

ऐकलंत? बघायचं असायचं. नोकरी गेली चुलीत. आणि वर काय, जाता जाता म्हणतात, 'हिला मी सांगितलंय, चौकट फुगली होती म्हणून.' म्हणजे माझ्या लेकीपासून मला यांनी झाकायचं? मला? मी काय मागितलं होतं का? असा राग आला — उपकार करणारा जावई शत्रूच्या घरीही नको. भांडला असता तर मी चार शब्द सुनावले असते, रुसलो असतो, चार दिवसांनी लेक समजूत काढायला आली असती. माणसाला भांडूही देत नाहीत हे लोक. हसतात.

आज निघतायत. सामान सकाळपासून भरतायत, लेक दोनदा येऊन गेली, बाबा चला. म्हटलं, दुकान कोण बघणार, गिऱ्हाईक आहे. तेव्हा नव्हतं, पण आता तुम्ही आहात ना. याच रस्त्यानं जायचं त्यांना, दुसरा रस्ता नाही. जातील. मी काय हात हलवायला जाणारा माणूस नाही, माझ्या बापानं मला कधी — जाऊ द्या. तुम्हाला कडी कुठली देऊ, ते सांगा. पितळी म्हणता का ही साधी? बसवायलाही येतो मी, अर्धं बोट आत घालून देईन, शब्द आहे.

काय झालं? वायर कधी काढलीत कानातून? मिटिंग संपली? केव्हा संपली? म्हणजे तुम्ही मघापासून नुसते — अहो, सांगायचं नाही का. मी आपला मिटिंगमधल्या माणसाशी बोलतोय म्हणून बोलत होतो.

सरका. नाही, कडी राहू द्या, सरका जरा, काही दिसत नाहीये तुमच्यामुळं. निळा टेंपो आहे. तोच आहे, वर पाळणा बांधलाय. पुढं बसलीय भिंगरी, काचेला नाक चिकटवून, आणि मागं हे, मांडीवर गोळा. हळू केला त्यानं. कुणी आडवं आलं असेल. नाही — बाजूला घेतोय. थांबला. दार उघडतंय.

तुम्ही निघा आता. आज काही मिळायचं नाही. उद्या या, परवा या, कधीही या. निघा म्हणतो ना, वाट सोडा माझी.