ब तुकडीतली खुर्ची

मंडळी, ऐका! पालकसभेला जाता ना तुम्ही? मग खरं सांगा — कुणाच्या लेकराचं बघायला जाता? आपल्या? मागं कोण हसलं? हसू नका, तुमचीच गोष्ट आहे!

एक होती शालन. शेजारीण विमल. दोघींची पोरं नववीत. विमलच्या सुयशला गणितात किती, इंग्रजीत किती — शालनला तोंडपाठ! विमलच्या दारी पेढे आले, की हिच्या पोटात दुखायला लागलंच! "मेलीचं नशीबच मोठं!" आणि हिचा तेजस? तो परसात सलाईनच्या नळ्या जोडत बसलेला. "आई, ठिबक केलंय! सभेला दाखवायचंय, येशील ना?"

"येते रे. सुयशनं काय केलंय?" — घ्या!

सभेचा दिवस. दारात शिपाई विचारतो, "कुठली तुकडी, बाई?" ही म्हणते, "अ!" अहो, अ सुयशची! तेजस ब मध्ये! पण जिभेवर रोज जे घोळतं, तेच बाहेर पडणार. बसली विमलशेजारी. सुयशची वही ओढली — पान उलटते आणि जळते, जळते आणि उलटते!

तेवढ्यात दारात तेजस. "आई, इथं कशी? तिकडं माझी पाळी आलीय!"

"आले, आले! एवढी वही बघू दे!"

पोरगं उभंच. तोंड एवढंसं झालं. विमलनं ते पाहिलं आणि उठली. "चल बाळा, मी येते."

वही संपली तेव्हा शालन भानावर आली. धावत ब मध्ये गेली — तर तेजससमोरच्या खुर्चीवर विमल! नळीतून रोपाला थेंब थेंब पाणी पडतंय, पोरगं भरभरून सांगतंय, आणि विमल त्याच्या पाठीवर थाप मारते, "शाब्बास रे वाघा!"

"अरे, मला दाखव ना!" शालन म्हणाली.

"तुला सुयशचं बघायचं होतं ना, आई? बघ की निवांत." रागानं नाही हो, साधंच म्हणाला!

पेढ्यांवर जळली होती, मार्कांवर जळली होती — पण असं काळीज कधी जळलं नव्हतं! तिच्या लेकराची पाठ शेजारणीनं थोपटली होती.

मत्सर सुटत नाही म्हणता? नका सोडू! जळा! पण त्या खुर्चीसाठी जळा. तिथं दुसरं कुणी बसलेलं खपवून घेऊ नका!

चला, डोळे मिटा. देवाचं नाव मी घेतो, तुम्ही मनात आपल्या लेकराची तुकडी सांगा...

अहो बाई, शेजारणीला काय विचारता!