रांगेतून आलेला पाहुणा

लावा की हात कठड्याला, त्यासाठीच आहे तो — देवदाराची माळ तेवढी सांभाळा. अक्रोडाचं लाकूड. एकूण एक कातीव खांब ओरिनच्या हातचा, माझ्या नवऱ्याच्या. घर घेतलं तेव्हा या जिन्यावर कबुतरं नांदत होती. — वर नका जाऊ, वर मी निजते. — नाही, एकटीच. फेब्रुवारीत गेला तो.

हळहळू नका हो, लुईव्हिलहून एवढ्या बर्फातून नाताळाची घरं बघायला आलात! गेल्या वर्षीची गंमत सांगते. असाच दिवस, गावातली सगळी जुनी घरं लोकांना बघायला उघडी, रांग पार शेजारच्या व्हर्नाच्या फाटकापर्यंत. ओरिनचं डोकं तेव्हा — म्हणजे मलाही ओळखायचा नाही. संध्याकाळ झाली की टोपी घालून दारात उभा, "मला घरी सोडा." व्हर्नाला म्हटलं, आजचा दिवस याला मागच्या खोलीत सांभाळ. तर हा मागच्या दारानं निसटला, आणि बघते तर काय — रांगेतून पुढच्या दारानं आत! सगळ्या पाहुण्यांसारख्या बुटांवर पिशव्या चढवलेल्या, टोपी हातात. काय करणार? दाखवलं. त्याचंच घर त्याला — "या, असे इकडून या." इथं थांबला, खांबावरून बोट फिरवलं, म्हणाला, "बाई, ज्यानं हे केलं त्याला घाई नव्हती."

हसले मी. हसलेच. जन्मभर अगं म्हणणारा माणूस मला अहो-जाहो करत होता. निघताना विचारतो, "तुमचे यजमान दिसले नाहीत?" म्हटलं, बाहेर गेलेत. "मग वाट बघत असाल," म्हणाला — आणि माझा हात धरला, असा, दोन्ही हातांत. किती दिवसांत धरला नव्हता. — आणि चालायला लागला बर्फात, घर शोधायला. कोट न घालताच धावले मागून. — आला ना. "चला, पुन्हा एकदा दाखवते," म्हटलं, तर आला बिचारा, मुकाट.

यंदा सगळे म्हणाले, लोरीना, राहू दे या वर्षी. राहू कसं देऊ? आजच्या दिवशी दार बंद ठेवायचं? आणि समजा कुणी रांगेतून —

काही नाही. पुढचं घर डॉक्टरांचं, डाव्या हाताला, पायरी निसरडी आहे, जपून. — दार? नको, लोटू नका. थंडी येऊ दे. जा तुम्ही.