हाताचा क्लच

आम्ही मूळचे कणकवलीच्या बाजूचे, पण माझा जन्म कांदिवलीचा, पोयसरच्या चाळीतला. बाबा गिरणीत होते, गिरणी बंद पडली तेव्हा एका कारखान्याच्या गेटवर बसायला लागले, आई शिवण करायची. मी नीट चालायला लागायच्या आधीच मला पोलिओ झाला, डावा पाय बारीक राहिला तो राहिलाच. आई माझे परकर मुद्दाम लांब शिवायची, जमिनीला टेकतील असे, आणि म्हणायची, गो चेडवा, तुझो पाय तुझ्याकडे, लोकांका कित्याक दाखवतंस? तिला वाईट बोलायचं नव्हतं हो. पण ते माझ्या अंगात इतकं मुरलं की काय सांगू तुम्हाला, आजही मी फोटो काढताना कोणाच्या तरी मागे उभी राहते.

शिकायची मात्र जिद्द होती. आमच्या घराण्यात मी पहिली ग्रॅज्युएट, बी.कॉम., आणि ती सुद्धा कुठलीही सवलत न घेता. कॉलेजच्या ऑफिसातले क्लार्क म्हणाले होते, अगं सर्टिफिकेट आण, फी माफ होईल, मी म्हटलं नको. नोकरीलाही सगळ्यांबरोबर परीक्षा देऊन लागले, अंधेरीला, हिशेबाच्या खात्यात. हे मी कोणालाही पहिल्या पाच मिनिटांत सांगते, तुम्हालाही सांगितलंच बघा. अभिमान होता, अजून आहे, पण त्या अभिमानाच्या खाली काय दडलेलं होतं ते कळायला मला पन्नाशी ओलांडावी लागली.

नवरा माझा प्रकाश. मी त्याला नावानेच हाक मारते, त्यावरून सासरी बोलणी खाल्ली, पण तोच म्हणाला, मारू दे, नाव ठेवलंय कशाला. तो दहावी झालेला, ड्रायव्हर. बोरिवलीहून पवईला ऑफिसची माणसं नेणारी बस चालवतो, एका कॉन्ट्रॅक्टरकडे, पहिल्यापासून त्याच्याचकडे. मला चिडवताना मॅडम म्हणतो. गाडी चालवायला त्यानेच शिकवलं मला, गोराईच्या रस्त्यावर, सकाळी गर्दी नसायची तेव्हा. मी घाबरून किंचाळायचे आणि हा शेजारी बसून चणे खायचा, म्हणायचा, मॅडम, रस्ता समोर आहे, माझ्या तोंडात नाही.

आता माझी गाडी कशी ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माझ्या डाव्या पायात क्लच दाबायचा जोर नाही. म्हणून घाटकोपरच्या एका मेकॅनिककडून गियरच्या दांड्याला एक लिव्हर बसवून घेतला, तो हाताने दाबला की क्लच दाबला जातो. ब्रेक आणि ॲक्सिलेटर उजव्या पायाने, इतर सगळे चालवतात तसेच. माझं लायसनही तसंच आहे, अशी बदललेली गाडीच मी चालवायची असं त्यावर लिहिलेलं. पहिल्या गाडीच्या वेळी आम्ही सगळं रीतसर केलं होतं. आरटीओत गेलो, तिथे खिडकीतला माणूस गर्दीवर ओरडला, ए, ती अपंगवाली गाडी कोणाची आहे, पुढे या. सगळी रांग वळून बघायला लागली. प्रकाश पटकन पुढे झाला, म्हणाला, माझी, माझी. मी खांबाआड उभी होते. त्या दिवशीच ठरवलं, पुन्हा या रांगेत यायचं नाही.

मग दुसरी गाडी घेतली, चुलतभावाची वापरलेली. बिनक्लचची ऑटोमॅटिक तेव्हा खिशाला झेपणारी नव्हती. मेकॅनिकने जुन्या गाडीचा लिव्हर काढून हिला बसवला, आणि म्हणाला, ताई, आरटीओला नोंद करा हां, आणि इन्शुरन्सवाल्यालाही कळवा. मी हो हो म्हटलं. इन्शुरन्सच्या एजंटचा फोन आला, मॅडम, गाडीत काही बदल केलेत का, गॅस किट, म्युझिक सिस्टीम, मोठी चाकं, काय असेल ते सांगा, सगळं लिहावं लागतं. मी म्हटलं, काही नाही, कंपनीतून आली तशीच आहे. प्रकाश समोर जेवत होता, त्याने घास हातात धरून माझ्याकडे बघितलं. फोन ठेवल्यावर म्हणाला, सांगायचं ना गं, चोरी केलीय का आपण? मी म्हटलं, मी काय चाकं मोठी करून शायनिंग मारत नाहीये, माझ्या पायाची गोष्ट आहे, ती त्यांना कशाला? तो म्हणाला, त्यांनी पायाचं कुठे विचारलं, गाडीचं विचारलं. बघा, दहावी झालेल्या माणसाला कळलं. मी त्यालाच ऐकवलं, तू तुझी बस बघ.

गेल्या वर्षी दसरा जवळ आला होता तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी कामावरून येत होते, बोरिवलीच्या पुलाखाली पुढची रिक्षा एकदम थांबली, मी उजवीकडे स्टिअरिंग मारलं आणि गाडी सरळ डिव्हायडरवर. मला लागलं नाही, दुसऱ्या कोणालाही नाही, पण गाडीचं तोंड चेपलं, रेडिएटर फुटला, पार वाट लागली. लिव्हरचा त्यात काही दोष नव्हता, माझी नजर चुकली, बस. प्रकाशला फोन केला, तो आला, आधी मला बघितलं, मग गाडीला.

गाडी गॅरेजमध्ये नेली. दुसऱ्या दिवशी इन्शुरन्सचा सर्व्हेअर येणार होता, नुकसान बघायला. मी चालवत होते म्हटलं तर लायसन मागणार, लायसनवर लिहिलंय ते वाचणार, लिव्हर बघणार, विचारणार हा कधी बसवला, नोंद कुठाय. मीच म्हटलं, लक्षात घ्या, मीच म्हटलं, प्रकाश, लिव्हर काढून टाकू, आणि गाडी तू चालवत होतास असं सांगू. पान्याने लिव्हर त्यानेच काढला, फडक्यात गुंडाळला आणि आपल्या बसच्या सीटखाली ठेवला. सर्व्हेअर आला, पोरगेलाच होता, म्हणाला, कोण चालवत होतं? प्रकाश म्हणाला, मी. कसं झालं? प्रकाश म्हणाला, लक्ष नव्हतं माझं. आणि मी तिथे पर्स धरून उभी, बी.कॉम.

आता प्रकाशच्या बसवाल्यांची एक पद्धत आहे. दसऱ्याला सगळ्या बस धुऊन, झेंडूच्या माळा घालून रांगेत उभ्या करतात, पूजा होते, चाकाखाली लिंबं ठेवतात. ज्या ड्रायव्हरच्या हातून कधी गाडी ठोकली गेली नाही, त्याने नारळ फोडून पहिली बस काढायची. तो मान दरवर्षी प्रकाशचा. आम्ही बायका-पोरं सगळे जातो, पेढे खातो, फोटो काढतो. गेल्या दसऱ्याला शेटनी, म्हणजे त्याच्या कॉन्ट्रॅक्टरनी, नारळ पुढे केला, चल प्रकाश. आणि हा जागचा हलला नाही. म्हणाला, यंदा नको शेट, माझ्या हातून ठोकलीय गाडी, घरची.

कोणीतरी हसलं, अरे घरची रे, ती कुठे धरतात! प्रकाश म्हणाला, कागदावर माझं नाव आहे, मग धरायचीच. नारळ दुसऱ्या ड्रायव्हरच्या, जाधवांच्या हातात गेला. जाधव वहिनी माझ्या बाजूलाच होत्या, म्हणाल्या, काय हो, भावजींना झोप पुरत नाही का, तुमच्या नोकरीपायी डबेबिबे त्यांनाच करावे लागत असतील. मी हसले. हो, हसले मी! जाधवांची बस लिंबांवरून गेली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, प्रकाशने सगळ्यांत मोठ्याने.

घरी आल्यावर मी म्हटलं, असं करायची काय गरज होती? तो बूट काढत होता. म्हणाला, मग काय करू, इकडे एक सांगू आणि तिकडे एक? मला एकच लक्षात ठेवता येतं.

आयुष्यभर मी पायाची लाज धरली, पण त्या रात्री वाटली ती लाज वेगळी होती, तिला लांब परकर पुरत नव्हता. दोन दिवस ऑफिसात माझा हिशेब जुळेना. मग सुट्टी टाकली आणि अंधेरीला इन्शुरन्सच्या ऑफिसात गेले. तिथल्या बाईंना म्हटलं, गाडी मी चालवत होते, लिव्हर होता, आम्ही काढला, नवऱ्याला मी खोटं बोलायला लावलं. त्या बाई म्हणाल्या, मॅडम, लोक आवाज करणारे सायलेन्सर लपवतात, इंजिनात केलेले बदल लपवतात, हप्ता वाढेल म्हणून, ते मला समजतं. तुमची अशी बदललेली गाडी नोंदवली असती तर सवलत मिळून हप्ता कमी झाला असता. का लपवलंत? सवलत नको होती म्हणू? खरं ते नव्हतंच. मी म्हटलं, लाज वाटली. त्या म्हणाल्या, क्लेम मागे घेतेय असं लेखी द्या, पुढचं वरचे साहेब बघतील. दिलं. क्लेम मिळाला नाहीच, आणि मिळायलाही नको होता.

तिथून तशीच शेटकडे गेले. त्यांना सगळं सांगितलं. शेट म्हणाले, ताई, मला तेव्हाच कळलं होतं. तो बस मागे घेताना खाली उतरून बघून येणारा माणूस, तो डिव्हायडरवर चढवेल? पण त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं, मी सगळ्यांसमोर त्याला खोटा कसा पाडू? म्हणजे ज्यांच्यापासून मी लपवत होते त्यांना ठाऊकच होतं, आणि तरी माझ्याकडून खरं यायला इतके दिवस लागले.

आता लिव्हर परत बसवलाय, आरटीओत नोंद झाली, पॉलिसीवरही आली. रांगेत या वेळी मीच पुढे झाले. यंदा दसऱ्याला शेटनी प्रकाशला नारळ दिला, कागदावर आता त्याचं नाव नव्हतं म्हणून त्याने घेतला, बस काढली. लोकांना वाटलं, घरच्या गाडीचं शेटनी सोडून दिलं, झालं, मिटलं. पण तो त्यावरून मला अजून एका शब्दानेही रागावलेला नाही. एकदा कडकडून भांडला असता ना, तर मला सोपं गेलं असतं. विचारलं तर म्हणतो, मॅडम, चहा टाका.

नाव बदलून छापू का, असं तुम्ही विचारलंत. तुमचं भलं होवो, विचारलंत तरी. पण नको. सुनंदा प्रकाश राणे असंच घाला, आणि गाडी मी चालवत होते, तेही घाला. जाधव वहिनी वाचतील. वाचू देत.