महादेव कोंडला त्या दिवशी

बिंदुसरा नदीचा तळ दिसला त्या साली मी जितका भ्यालो, तितका जन्मात भ्यालो न्हाई. बंद पडलेल्या दूध सोसायटीच्या खोलीत आमच्या गावाचं म्युझियम. त्यात यादवांच्या काळातली महादेवाची पिंड, अन् मी राखणदार. पाऊस लांबला की महादेवाला पाण्यात कोंडायचं, ही गावाची रीत. एके सकाळी सरपंच नाना थेट टँकरच घेऊन आले.

मी पिंडीला मिठी मारली. "नाना, इथं मोडीतली जुनी कागदं हायत!"

त्यांनी बाहेरून दार लावलं, फटी चिखलानं लिंपल्या अन् खिडकीतून पाइप सोडला. पाणी माझ्या गुडघ्याला लागलं.

"नाना, मी आत हाय!"

नाना खिडकीत आले. "ठाव हाय मला. पाऊस पडला की काढतो."

त्यांच्या डोक्यामागं आभाळ दिसत होतं. कोरडं ठणठणीत.