गडग्यातली वाट

देवरूख स्टँडवर शेजारी दोन बायका बसल्या होत्या. एकीच्या पिशवीतून लोखंडाचं वाकडं पातं डोकावत होतं.

“हे काय गो तुळसा?”

“पॉवर टिलरचं पातं. ह्यांनी काल परड्यात पहिल्यांदा चालवला. नेऊन घातला हद्दीच्या दगडी गडग्यात.”

“अगो बाय!”

“जन्म गेला ना बैलांमागे! बंद करायचं सोडून हे आपले मुठी मागे ओढतायत नि ‘हो, हो’ ओरडतायत.”

“मग थांबला कसा?”

“पलीकडून महिपतभाऊजी धावत आले. त्यांनी बंद केला.”

“ते तर बोलत नव्हते ना तुमच्याशी?”

“बारा वर्षं. ह्याच गडग्यावरून.”

“मग काल बोलले?”

“‘दादा, तो बैल नाय,’ म्हणाले.”

“पडलेला गडगा कधी लावताय परत?”

“लावू गो. आधी त्यांचं परडं नांगरायचंय. टिलर तिथूनच जातो.”