थिएप जपानला आहे

— अहो बसा ना सेनताई, मी कुठे जा म्हणतेय? एवढंच म्हणते की भर दुपारी, सगळी गल्ली जेवून आडवी झालेली, कुत्रीसुद्धा मोटारसायकलींच्या सावलीत पसरलेली, आणि तुम्हाला झोप सोडून माझ्या चहाच्या टपरीवर यायची ही काय हौस. लाल स्टुलावर बसा, निळ्याचा पाय गेलाय. गार चहा देते, बर्फ कमी आहे, पण चालेल. ते भांडं तरी खाली ठेवा, टॉवेलात गुंडाळून तान्ह्या बाळासारखं काय धरून बसलात. बरं, राहू दे. तर काय म्हणत होतात — तुमचा भाचा ओसाकाला चाललाय. शहाणा मुलगा. आणि तुम्हाला आमच्या थिएपचा पत्ता हवाय, म्हणजे भाच्याबरोबर त्याला चार घास पाठवता येतील. काय माया हो तुमची. पत्ता — आहे की, आईकडे मुलाचा पत्ता नसेल? पण तो जपानीत आहे. सगळी चित्रंच ती, छपरांसारखी, तोंडी कशी सांगू? आणि शिवाय — आता तुम्हाला म्हणून सांगते — तो ओसाकात नाहीच राहिला. कारखाना हलवला त्यांनी. बेटावर. मासे डब्यात भरायचा कारखाना, तो बेटावरच बरा, नाही का? होडीनं जावं लागतं, आणि त्या होडीत खायचं काही नेऊ देत नाहीत. पक्षी मागे लागतात. मागच्या वर्षी म्हणे एका बाईच्या हातातला भाताचा डबा पक्ष्यांनी उचलला, आणि बाईनं डबा सोडला नाही म्हणून बाईलाही थोडं उचललं. हसता काय? थिएपनं स्वतः सांगितलं मला, फोनवर.

ते? ते उंदीर. वरच्या मजल्यावर झालेत. हो, मोठे आहेत. खोकतात? खोकणारच, धूळ किती आहे वर. तुम्ही चहा घ्या. सूर्यफुलाच्या बिया देऊ? शेंगदाण्याची चिक्की? मग लवकर संपवा आणि घरी जाऊन जरा पडा. तुमच्या वयाला दुपारची झोप हवी. माझ्या वयालाही हवी, पण माझं काय, माझे गुडघे झोपू देत नाहीत. डावा. फार ठणकतो. काय? परवा उजवा होता? असेल. गुडघेदुखी फिरती असते सेनताई, एका जागी बसेल तर दुखणं कसलं. नर्स येते सुई टोचायला तेव्हा कुठे चालते मी. ते औषध पाहिलंत तुम्ही? लाल भडक, डाळिंबाच्या रसासारखं. एवढं महाग दिसणारं औषध कधी कुणी स्वतःच्या गुडघ्यात — म्हणजे दंडात — म्हणजे जिथे टोचतात तिथे टोचून घेतलं नसेल.

नर्स वर का जाते? मग काय फुटपाथवर टोचून घेऊ?

आणि हे बघा, माझ्या थिएपनं तुम्हाला काही कमी केलंय का? टेटच्या सणाला, नव्या वर्षाला, आख्ख्या गल्लीला जपानी मिठाई वाटली मी त्याच्या नावानं. मऊ मऊ, पांढरी, पिठी लावलेली. मोठ्या बाजारातल्या तिसऱ्या रांगेत मिळते तसली? अहो, तसलीच मिळते म्हणून तर त्यानं पाठवली, आईला ओळखीची वाटावी म्हणून. आणि फोनवर बर्फ दाखवला की नाही तुम्हाला? तुम्हीच माझ्या खांद्यावरून डोकावून बघत होतात, थिएप बिचारा टोपी घालून, मफलर गुंडाळून खिडकीशी बसलेला, आणि खिडकीत ढीगभर बर्फ. तुम्ही म्हणालात, पोरगं वाळलंय. मी म्हटलं, थंडीनं आकसलंय. त्या बर्फात काय? — चहाची पत्ती? तुम्हाला त्या बर्फात चहाची पत्ती दिसली?

तुमची नजर फार चांगली आहे सेनताई. डोळ्यांचं ऑपरेशन झालेल्या बाईशी माणसानं जपूनच बोलावं. जपानात चहा खूप पितात, एवढंच मी म्हणेन. वाऱ्यानं पत्ती उडते, बर्फात पडते. द्या ते भांडं इकडे, मांडी भाजेल तुमची — मांडी भाजेल म्हणजे — अहो, हे गरम आहे.

हे गरम आहे सेनताई. भाच्याचं विमान कधी आहे? पुढच्या महिन्यात. पुढच्या महिन्यात, आणि जपानला पाठवायचं कोंबडीचं सूप तुम्ही आत्ता, या दुपारी, उकळून आणलंत. काळी कोंबडी आहे ना ही? वास येतोय. दवण्यासारखा तो कडू पाला घातलाय, खारका घातल्यात, बाळंतिणीला देतात तसं. आजारातून उठणाऱ्याला देतात तसं.

कधीपासून माहितीय तुम्हाला?

टेटपासून. म्हणजे पहिल्याच पत्तीपासून. आणि एवढे महिने मी तुमच्यासमोर लंगडत होते, कधी या पायानं कधी त्या, आणि तुम्ही तोंडात बी फोडत बघत होतात. वर मला विचारत होतात, लुआ, आज गुडघा कसा आहे. तुमच्यासारखी खोटारडी बाई या गल्लीत दुसरी नाही. माझ्यानंतर.

तर ऐका मग. पण हळू, आवाज वर जातो. जपान-बिपान काही नाही, खिडकीतला बर्फही या टपरीच्याच पेटीतला. तो चौथ्या मजल्यावर आहे. आणि काय झालंय ते तुम्हाला सांगायला मला लाज वाटते ती कशाची, सांगू? नशेची नाही हो. माझे आजेसासरे अफू ओढायचे, सगळ्या गावाला माहीत, पण त्यात एक रुबाब होता — पितळेचा दिवा, चटई, पाहुण्याला विचारायची रीत. माणूस अफूनं गेला तर लोक मान हलवतात, अरेरे म्हणतात. माझा पोरगा कशानं पडला? फुग्यानं. फुग्यानं, सेनताई. तो ज्या बारमध्ये वेटर होता ना तळ्यापलीकडे, तिथे विकायचे, हसवणारा फुगा. रंगीत. लहान मुलाच्या वाढदिवसाला बांधतात तसला. तोंडाला लावायचा, आतली हवा ओढायची, आणि खीखी करायचं. आधी गिऱ्हाइकांना नेऊन द्यायचा, मग पोरं-पोरं मिळून एकेक, मग रोज, मग काम संपल्यावर उजाडेपर्यंत. मी विचारलं तर म्हणे, आई, हवाच तर आहे. मलाही वाटलं, हवाच तर आहे. आता सांगा, मी वॉर्डाच्या महिला मंडळातल्या बायकांना काय सांगू? माझ्या तरण्याताठ्या मुलाला फुगा लागला? हसल्या असत्या. मी स्वतः हसले असते, दुसऱ्या कुणाचा असता तर. त्यापेक्षा जपान बरं. आपल्याकडे जो मुलगा बरेच दिवस दिसत नाही तो एकतर तुरुंगात असतो नाहीतर जपानात, आणि आई कुठलं सांगते हे तुम्हाला माहीतच आहे.

कळलं कसं? चपलेवरून. सकाळी जिना उतरून आला, मी इथेच भांडी विसळत होते, बघते तर एका पायात चप्पल आणि दुसरा पाय उघडा. म्हटलं, राजे, दुसरी कुठे सोडून आलात? त्यानं खाली बघितलं. सेनताई, त्याला माहीत नव्हतं. दोन मजले वरच निसटली होती आणि पायाला पत्ता नाही. तेव्हाही आम्ही दोघं हसलो. मग महिन्याभरात गुडघे असे मिटायला लागले, दुमडायच्या खुर्चीसारखे. डॉक्टर म्हणाले, ती हवा नव्हे, गॅस असतो, त्यानं अंगातलं एक जीवनसत्त्व निकामी केलं, मज्जारज्जूपर्यंत इजा पोचलीय. मी म्हटलं, डॉक्टर, फुग्यानं? डॉक्टर हसले नाहीत. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

फुगा तर त्याच दिवशी सुटला. लोकांना वाटतं, सुटला म्हणजे संपलं. तिथून तर सुरू झालं हो. ज्या पायाला चप्पल कळत नव्हती त्या पायाला चादर लागली तरी आग. निखाऱ्यावर उभं केल्यासारखं, म्हणतो, आणि निखारे बर्फाचे. आणि दमणूक — ती तर मला खरीच वाटेना. दात घासायचा आणि झोपायचा. मी चिडवायची, कुठला डोंगर चढून आलास रे, दाताचा? मग एकदा तोंडात ब्रश तसाच, आणि हा पलंगाच्या कडेला बसल्या बसल्या झोपलेला पाहिला, तेव्हापासून दाताचा डोंगर म्हणणं सोडलं. दुसऱ्या डोंगरांचं म्हणते. आणि गंमत बघा, वाईट दिवसांचं मला काही वाटत नाही, वाईट दिवशी तो निमूट पडतो. भीती चांगल्या दिवसाची. एक दिवस जरा बरं वाटलं की स्वारी उठते, खोली झाडते, भांडी घासते, म्हणते आई, मी बरा झालो. आणि पुढचे तीन दिवस भिंतीकडे तोंड. डॉक्टर म्हणतात, थोडं चालायचं, थांबायचं, पुन्हा थोडं, उन्हात, लोकांत. लोकांत जा म्हणतात. मी त्याला म्हटलं, जा रे, तळ्यापर्यंत जाऊन ये. तर म्हणतो काय — कसा जाऊ आई, मी जपानात आहे ना.

चिडून म्हणाला नाही. हसूनच म्हणाला. तेच लागलं मला. पोरगं जिन्यात अडकलेलं नव्हतं सेनताई, माझ्या तोंडात अडकलं होतं. त्याच्या बापाच्या फोटोपुढे उदबत्ती लावायला गेले, पेटेचना. तिसरी काडीही विझली. बाप जिवंतपणी असाच होता, थाप पचायची नाही त्याला. शेवटी फोटोला म्हटलं, बरं बरं, वरच आहे तुझा मुलगा, चौथ्या मजल्यावर, आता तरी पेट. पेटली. हे मात्र खरं आहे, हसू नका. काड्या दमट होत्या, पण खरं आहे.

मग आम्ही माय-लेकांनी ठरवलं. तुम्ही सगळे दुपारी घोरायला लागलात की त्यानं जिना उतरायचा सराव करायचा. आधी बसून बसून, एकेक पायरी, लहान मुलासारखा. मग कठड्याला धरून, अनवाणी. आणि मी त्याला बोलून बसले — बाबा, ज्या दिवशी पायात चपला ठेवून खालपर्यंत येशील ना, त्या दिवशी तुझं विमान उतरलं. त्या दिवशी मी गल्लीला सांगेन, थिएप आला. कुठून आला ते त्यांचं त्यांनी बघावं. तर हा मागच्या आठवड्यात चपला घालून निघाला. दुसऱ्या मजल्यापर्यंत आला. मी इथून ऐकतेय, फटक फटक, फटक फटक, आणि मग एकच फटक. एकच. मला कळलं, त्याला कळलं नाही, तो उतरतोच आहे. खाली बघितलं तेव्हा तिथेच बसला. मी वर गेले. म्हणाला, आई, विमान परत गेलं. मी म्हटलं, हवामान खराब होतं रे. त्यानंतर चार दिवस जेवला नाही नीट. आणि आज सकाळी म्हणतो, आज पुन्हा बघतो, पण आज नाही जमलं तर मला जपानातच राहू दे. तसं म्हणायचा नाही तो कधी. म्हणून मी तुम्हाला मघापासून घालवतेय, समजलं का? पाहुण्यासमोर पडला तर पुन्हा उठायचा नाही तो.

तेव्हा सूप ठेवा इथे, आणि या आता. रागावू नका. उद्या याच वेळी येते मी भांडं परत द्यायला, घासून, तुमच्या दारात, आणि दोन्ही पायांनी नीट चालत येते. माझी शपथ आहे, या आता — थांबा. थांबा, उठू नका. स्टूल वाजतं. खाली बसा, हळू.

ऐकलंत?

नाही, हा कठडा. कठडा करकरतो तिसऱ्या मजल्यावर. आता थांबलाय. थांबू दे, थांबायचंच असतं, थोडं चालायचं आणि — हां. निघाला. फटक. फटक. दोन आहेत ना सेनताई? माझे कान मेले थापा मारतात, तुम्ही सांगा. डावी. उजवी. ही डावी. हा दुसरा मजला, तो वळणाचा भाग, तिथेच मागच्या वेळी — गेला. गेला तिथून. दोन्ही आहेत.

तुम्ही डोळे कशाला पुसताय, ऑपरेशन झालंय ना, चोळायचे नाहीत. आणि हे बघा, तो समोर आला की पायांकडे बघायचं नाही. वाळलास म्हणायचं नाही. फुग्याचं नाव नाही. काही विचारायचंच असेल तर विचारा, काय रे थिएप, तिकडे बर्फ फार होता का. आणि तो काय सांगेल ते सगळं खरं मानायचं, माझाच मुलगा आहे. भांड्याचं झाकण काढा तेवढं.

आणि आता गप्प. शेवटच्या पायऱ्या आहेत, मला ऐकू दे.